आधी आकडा ठरवा, मग धावपट्टी बांधा

२६ एप्रिल २०१८ रोजी फिलिपिन्स सरकारने बोराकाय हे बेट पर्यटकांसाठी पूर्ण बंद केलं. जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं हे बेट पांढऱ्याशुभ्र वाळूसाठी जगभर नावाजलेलं. आदल्या वर्षी तिथे वीस लाखांच्या आसपास लोक येऊन गेले होते आणि कित्येक हॉटेलांचं सांडपाणी प्रक्रियेविना थेट समुद्रात जात होतं. सहा महिने बेटाला कुलूप लागलं. हजारो कामगारांच्या हातचं काम गेलं. त्या काळात सांडपाण्याच्या वाहिन्यांची कामं झाली, किनाऱ्याला खेटून उभी राहिलेली बांधकामं पाडली गेली आणि सरकारी तज्ज्ञांनी एक आकडा काढला: या बेटावर एका वेळी १९,२१५ पेक्षा जास्त पर्यटक नकोत.

माझं म्हणणं या आकड्यापासून सुरू होतं. तो काढायला बेटाचं क्षेत्रफळ, गोड्या पाण्याचा साठा, किनाऱ्याची लांबी, सांडपाणी रिचवण्याची ताकद एवढी माहिती लागते. ती पहिलं हॉटेल उभं राहण्याआधीही गोळा करता आली असती. तरीही आकडा सगळ्यात शेवटी आला. आणि शेवटी आल्यामुळे तो दुबळाही राहिला. २०२२ च्या ईस्टरच्या सुट्टीत तो ओलांडला गेला, कारण तोवर बेटावर खोल्या बांधून तयार होत्या आणि रिकाम्या खोल्या माणसं मागतात.

अजून फारसं कुणी न पोचलेल्या द्वीपसमूहांच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. निळ्या पाण्याचे फोटो पसरतात, विमानसेवा येते, हॉटेलं येतात, आणि सगळं नासल्यावर समिती बसते. हा क्रम उलटायला हवा. एखाद्या द्वीपसमूहाचं दार पर्यटनाला उघडायचं असेल, तर तो किती भार पेलेल हे आधी ठरलं पाहिजे. ते जाहीर असलं पाहिजे, आणि त्यावर शेवटचा शब्द तिथे राहणाऱ्यांचा असला पाहिजे. धावपट्टी, धक्का, व्हिला हे त्यानंतर.

हे एवढ्या ठामपणे म्हणण्याचं कारण पाणी आहे. प्रवाळ बेटावर नदी नसते. पाऊस वाळूतून आणि सच्छिद्र चुनखडीतून झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी वजनाला हलकं. समुद्रसपाटीच्या वर हा थर एक मीटर असेल तर खाली तो साधारण चाळीस मीटर जातो, असा ढोबळ नियम आहे. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण अरुंद आणि सखल बेटावर वरचा भाग मीटरभर नसतोच, कधी कधी तो वीतभर असतो. शिवाय हे गणित उलटंही चालतं. पंप लावून वरची पातळी दहा सेंटिमीटरने उतरवली, तर कालांतराने खालचं खारं पाणी चार मीटर वर चढू शकतं. विहीर एकदा खारी झाली की ती पुन्हा पिण्याजोगी व्हायला कित्येक पावसाळे लागतात. आणि बेटावरचे शौचखड्डेही याच थरात झिरपतात.

लक्षद्वीपचं उदाहरण घेऊ. एकूण जमीन ३२ चौरस किलोमीटर. वस्ती दहा बेटांवर, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजार माणसं. दूरवरचं, निवांत, मोकळं असं जे चित्र आपल्या डोक्यात असतं त्याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही. तिथे मोकळा आहे तो समुद्र. कवरत्ती बेटावर २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने गोडं पाणी बनवणारा प्रकल्प उभारला. वरचं कोमट समुद्रजल कमी दाबाखाली वाफ करायचं आणि साडेतीनशे-चारशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववायची, अशी त्याची रीत. फार हुशारीचं काम आहे ते. त्याची क्षमता होती दिवसाला एक लाख लिटर. कवरत्तीची लोकसंख्या अकरा हजारांच्या घरात, म्हणजे माणशी नऊ लिटर. पिण्या-स्वयंपाकापुरतं. आता एका व्हिलासमोरचा गोड्या पाण्याचा छोटासा तलाव मनात आणा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, कमरेइतका खोल. तो एकदा भरायला तीस हजार लिटरच्या पुढे पाणी लागतं.

यंत्राने पाणी बनवता येतं म्हणून चिंता नको, असं म्हणणाऱ्यांनी मालदीवची राजधानी माले इथे ४ डिसेंबर २०१४ रोजी काय झालं ते आठवावं. गोडं पाणी बनवणाऱ्या केंद्राला आग लागली आणि लाखाहून अधिक लोकांच्या शहराचे नळ कोरडे पडले. भारतातून विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी न्यावं लागलं. मालदीवमध्ये पर्यटन १९७२ मध्ये सुरू झालं. तिथला कचरा १९९० च्या दशकापासून माले जवळच्या थिलाफुशी इथे लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कडेआतल्या उथळ पाण्यात, भराव घालत टाकला गेला आणि त्या कचऱ्याचंच एक बेट तयार झालं. आज सव्वापाच लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात वर्षाला वीस लाखांहून अधिक पाहुणे येतात.

पाण्याचा प्रश्न जमिनीवर संपत नाही. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाचे मच्छीमार टूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, काठी-दोरीच्या गळाने एकेक करून पकडतात. जाळी टाकून सगळं उपसणाऱ्या मासेमारीपेक्षा ही पद्धत कितीतरी सभ्य आहे. नको असलेले मासे, कासवं त्यात मरत नाहीत. पण त्यासाठी जिवंत आमिष लागतं, आणि आमिषाचे ते बोटभर मासे प्रवाळाच्या आडोशाने लगूनमध्ये वाढतात. सांडपाणी लगूनमध्ये झिरपलं की शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतं. प्रवाळ गेलं की आमिष गेलं, आमिष गेलं की टूना गेला, आणि टूनाबरोबर मासमीनचा, म्हणजे वाळवलेल्या टूनाचा, धंदाही. लगूनमध्ये खांब रोवून पाण्यावर खोल्या बांधण्याच्या योजना लक्षद्वीपच्या मिनिकॉय, सुहेली आणि कडमत या बेटांसाठी आखल्या गेल्या आहेत. आराखड्यात ज्याला नुसता निळा रंग दिलेला असतो ते पाणी कुणाच्या तरी उपजीविकेची पेरणीची जागा असतं.

म्हणूनच डोकी मोजून भागत नाही, लिटर मोजले पाहिजेत. 'कमी पर्यटक, पण पैसेवाले' हे धोरण ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि बहुतेक सरकारांना ते आवडतं. पण रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी, चोवीस तास थंड हवा, खासगी तलाव आणि बोटीने आलेली आयात भाजी यांवर राहणारा एक पाहुणा, बेटावरच्या घरात उतरून तिथलंच जेवणाऱ्या कित्येक पाहुण्यांइतका भार टाकतो. माणसं कमी दिसतात, भार मात्र तेवढाच राहतो.

प्रवेश शुल्क वाढवलं की गर्दी आपोआप आटोक्यात येईल, हा दुसरा समज. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांचा अनुभव याविरुद्ध साक्ष देतो. तिथली सुमारे ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात येते. परदेशी पर्यटकांना १०० डॉलर शुल्क होतं, ऑगस्ट २०२४ पासून ते २०० डॉलर झालं. नियमही कडक आहेत: सोळा माणसांमागे एक प्रशिक्षित वाटाड्या, आखून दिलेल्या पायवाटा, जहाजावर जास्तीत जास्त शंभर प्रवासी, एकाच जहाजाने दोन आठवड्यांत त्याच ठिकाणी परत यायचं नाही. शंभर डॉलरचं शुल्क आणि हे नियम असूनही १९९० च्या सुमारास वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास असलेले पर्यटक २०२३ मध्ये सव्वातीन लाखांवर गेले. कसे? मर्यादा जहाजांवरच्या जागांना होती, जमिनीवरच्या हॉटेलांना तशी नव्हती. वाढ तिकडे वळली, सांताक्रूझ बेटावरचं पोर्तो आयोरा फुगत गेलं. माणसं वाढली की बोटी-विमानांच्या फेऱ्या वाढतात, आणि मालाबरोबर नको ते जीव येतात. अशीच बाहेरून आलेली एक परजीवी माशी आज फिंच पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालते आणि तिच्या अळ्या पिल्लांचं रक्त पितात. एका फटीतून काय काय आत येतं याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

पलाऊ या पॅसिफिकमधल्या छोट्या देशाचं कौतुक होतं ते तिथल्या प्रतिज्ञेसाठी. २०१७ पासून येणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर ती उमटवली जाते आणि पलाऊच्या मुलांना उद्देशून लिहिलेल्या त्या मजकुराखाली सही करूनच आत जाता येतं. प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर १ जानेवारी २०२० पासून बंदी घालणाराही हाच पहिला देश. दोन्ही गोष्टी मला मनापासून आवडतात. पण मला पलाऊचा खरा धाडसी निर्णय २०१५ चा वाटतो. अठरा हजार लोकवस्तीच्या देशात त्या वर्षी दीड लाखांहून अधिक पर्यटक आले, त्यांतले निम्म्याहून अधिक चीनमधून, आणि तेव्हाचे अध्यक्ष टॉमी रेमेंगेसाऊ यांनी चीनहून येणारी चार्टर विमानं निम्म्यावर आणण्याचा आदेश दिला. येणारा पैसा दिसत असताना दार अर्धं लोटायला हिंमत लागते. पुढे २०१७ च्या अखेरीस चीननेच पलाऊला जाणाऱ्या सहली थांबवल्या, कारण पलाऊचे राजनैतिक संबंध तैवानशी आहेत. तेव्हा हेही दिसलं की ज्या देशाने आपलं पोट पाहुण्यांच्या संख्येवर बांधून घेतलं, त्याच्या परराष्ट्र धोरणावरही बाहेरचा हात पडू शकतो.

आकडा आधी ठरवणारं एक ठिकाण आहे: ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाव बेट. ते उष्ण कटिबंधाच्या जरा खाली पडतं, पण प्रवाळ तिथेही आहे. पर्यटक एका वेळी ४००, त्याहून जास्त नाहीत. म्हणजे साधारण बेटावर राहणाऱ्यांइतकेच. हा नियम कित्येक दशकं टिकला आहे, आणि बेटाचा कारभार पाहणाऱ्या सात जणांच्या मंडळात चार जण बेटवासीयांनी निवडून दिलेले असतात, हे त्यामागचं एक कारण आहे असं मी मानतो. ज्यांना उद्याही त्याच विहिरीचं पाणी प्यायचं आहे ते आकड्याशी खेळत नाहीत.

'कुणी हात न लावलेली बेटं' ही कल्पना फार वेळा तिथल्या माणसांना वगळूनच उभी असते. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहाचं प्रवाळ जगातल्या सर्वांत निरोगी प्रवाळांमध्ये गणलं जातं. ते तसं का राहिलं? त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ उभारायचा म्हणून ब्रिटनने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७३ पर्यंत तिथली सगळी माणसं, दीड ते दोन हजार, हलवून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडली. २०१० मध्ये त्याच समुद्राला संरक्षित क्षेत्र जाहीर करण्यात आलं. मासेमारीवर बंदी आली, आणि परत येऊ पाहणाऱ्या चागोसवासीयांच्या वाटेत आणखी एक भिंत उभी राहिली. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने त्या घोषणेची पद्धत समुद्र कायद्याचं उल्लंघन करणारी ठरवली. निसर्गाची इतकी काळजी आणि माणसांची इतकी बेपर्वाई एकाच कागदावर मावते, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

याउलट पलाऊमध्ये पारंपरिक प्रमुख एखाद्या खडकावरची मासेमारी ठरावीक काळ थांबवत आले आहेत. त्याला ते 'बुल' म्हणतात. इंडोनेशियाच्या राजा अंपात बेटांवर 'सासी' आहे: गावाने समुद्राचा एक भाग बंद केला की तो उघडेपर्यंत तिथे कुणी हात घालत नाही. समुद्र बंद करून ठेवण्याची कला बेटांना शिकवायला नको. म्हणून पर्यटकांच्या संख्येचा निर्णयही राजधानीतल्या टेबलावर होऊ नये. लक्षद्वीपसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीने स्थानिक लोकनियुक्त संस्थांशी सल्लामसलत करून विकासकामं करावीत, असंच सांगितलं होतं. तरी २०२१ मध्ये जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार प्रशासनाला देणारा मसुदा आला आणि बेटांवर लोक निषेधाला उभे राहिले. आणि जिथे आतल्या माणसांनी स्पष्ट नकार दिला आहे, जसा अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेलच्या रहिवाशांनी, तिथे आकडा शून्य. त्यावर चर्चा नाही.

मग दारं कायमची बंदच का करू नयेत? हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याला माझं उत्तर 'नको' असं आहे. जून २०२५ मध्ये राजा अंपातमधल्या चार निकेल खाण कंपन्यांचे परवाने इंडोनेशिया सरकारने रद्द केले. देशभर आवाज उठला, आणि तो उठला कारण ती बेटं लोकांना ठाऊक होती, तिथे जाऊन आलेले लोक होते, पर्यटनावर चालणारी घरं होती. कुणी न पाहिलेल्या बेटावर खाण सुरू झाली तर ती थांबवायला कोण उभं राहणार? पलाऊने २००९ मध्ये आपला समुद्र शार्कसाठी अभयारण्य केला, त्यामागेही जिवंत शार्क पाहायला येणाऱ्या पाणबुड्या पर्यटकांचा आधार होता. पाहुणे हे बेटाचे साक्षीदार असतात, आणि साक्षीदार हवेत.

शिवाय दार लावून घेतल्याने बेट वाचतंच असं नाही. सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटावर एक लाखाहून अधिक महाकाय कासवं राहतात आणि माणसं म्हणाल तर मूठभर संशोधक. १९६० च्या दशकात तिथे लष्करी विमानतळ होणार होता, शास्त्रज्ञांच्या विरोधामुळे तो टळला. त्या अल्दाब्रावरून २०१९ मध्ये स्वयंसेवकांनी २५ टन प्लास्टिक उचललं, आणि उरलेलं पाचशे टनांच्या आसपास असावं असा अंदाज निघाला. वजनाने त्यातला बहुतांश भाग मासेमारीची जाळी-दोर, आणि खालोखाल हजारो चपला. पर्यटक तिथे जवळजवळ जातच नाहीत. समुद्राचं तापमान वाढून प्रवाळ पांढरं पडतं तेव्हा ते बेटावर किती पाहुणे आहेत हे पाहून पडत नाही. पण हाच मुद्दा मर्यादेच्या बाजूने जातो. उष्णतेचा तडाखा बसलेलं प्रवाळ सांडपाणी, गाळ आणि नांगरांचे घाव नसतील तरच पुन्हा उभं राहू शकतं. जे आपल्या हातात नाही त्यातून सावरायला, जे आपल्या हातात आहे ते तरी नीट असावं लागतं.

थायलंडच्या माया बेने हे दाखवून दिलं. दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं येणारा हा छोटा उपसागर जून २०१८ मध्ये बंद केला आणि २०२२ पर्यंत उघडला नाही. काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परतले. आता तिथे बोटींना आत येऊ देत नाहीत आणि दरवर्षी काही आठवडे तो बंद असतो.

आता सगळ्यात अवघड भाग. जागा कमी आणि इच्छुक जास्त, तर आत जाणार कोण? आजचं उत्तर आहे: ज्याच्याकडे पैसा आहे तो. मला हे मान्य नाही. समुद्र सगळ्यांचा असेल तर त्याचं दर्शन लिलावात काढता येणार नाही. कैलास-मानसरोवर यात्रेसाठी आपलं परराष्ट्र मंत्रालय अर्ज मागवतं आणि संगणकाने सोडत काढून यात्रेकरू निवडतं. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या दरीतल्या नदीतून स्वतःच्या जबाबदारीवर तराफा नेऊ इच्छिणाऱ्यांनाही २००६ पासून सोडतीनेच परवाना मिळतो. हीच रीत बेटांना लावता येईल. वर्षाच्या जागा जाहीर करा, शुल्क मध्यमवर्गाला परवडेल इतकं ठेवा, सोडत काढा. नाव निघालं नाही तर पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज. काही जागा विद्यार्थी आणि संशोधकांसाठी राखा. आणि निदान अर्ध्या जागा बेटवासीयांनी चालवलेल्या घरगुती निवासांसाठीच असाव्यात, म्हणजे पैसा विमान पकडून मालकाच्या शहरात जाणार नाही. काही जणांना आयुष्यात कधीच जाता येणार नाही, हे खरं आहे. तेवढी हुरहुर आपण सोसू शकतो.

लक्षद्वीपला हे सगळं अजून वेळेत करता येईल. तिथे जायला आजही प्रवेश परवाना लागतो, म्हणजे दारावर कडी आहेच. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीचे फोटो आले आणि देशभर लोक तिकिटं शोधू लागले. तिथल्या अगत्ती बेटावरची आखूड धावपट्टी लांबवण्याची योजना आहे. त्या कामाआधी प्रत्येक वस्तीच्या बेटाचा आकडा वेगळा निघावा, तोही एका वेळच्या माणसांचा, दिवसाच्या लिटरचा आणि परत मुख्यभूमीला न्यायच्या कचऱ्याच्या किलोंचा. तो त्या त्या द्वीप पंचायतीच्या सभेत मांडला जावा आणि तिथे मंजूर झाल्याशिवाय लागू होऊ नये. त्यात एक कलम असंही असावं की ज्या वर्षी प्रवाळ पांढरं पडेल, जसं ते १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये पडलं, त्याच्या पुढच्या दोन वर्षांच्या सोडतीत जागा निम्म्या होतील, आणि मिनिकॉयच्या मच्छीमारांनी लगूनमधलं आमिष घटल्याचं सांगितलं तर त्याहूनही कमी.